एका ध्वनिमुद्रिकेचा पहिला क्रमांक : संज्ञा, गणना आणि बोली

२३ ऑक्टोबर २००५ रोजी ब्रिटनमध्ये जाहीर झालेल्या साप्ताहिक विक्रीतालिकेत शेफील्ड येथील 'आर्क्टिक मंकीज' ह्या बँडची 'आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोअर' ही ध्वनिमुद्रिका प्रवेश करतानाच पहिल्या क्रमांकावर आली. गाणे तीन मिनिटांहूनही थोडे लहान. बँडमधील चौघेही तरुण एकोणीस-वीस वर्षांचे. मुद्रिका प्रसिद्ध करणारी 'डॉमिनो' ही संस्था आकाराने लहान. आणि गायक ॲलेक्स टर्नर आपल्या गावाकडील उच्चारांत गाणारा. 'इंडी' संगीताने मोठ्या कंपन्यांवर मिळविलेला विजय, असा ह्या घटनेचा अर्थ तेव्हा लावला गेला आणि पुढेही लावला जातो. ह्या विधानात 'इंडी' आणि 'विजय' असे दोन शब्द आहेत. दोन्ही शब्द वाटतात तितके सरळ नाहीत. गायकाच्या बोलीचा ह्या यशाशी संबंध काय, हा तिसरा प्रश्न भाषाभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. पण पहिल्या दोहोंचा उलगडा झाल्यावाचून त्याला हात घालणे योग्य होणार नाही.

'इंडी' हे 'इंडिपेंडंट' ह्या विशेषणाचे संक्षिप्त रूप होय. (विजापूरकडील इंडी ह्या गावाशी त्याचा संबंध नाही, हे सांगावयास नकोच.) इंग्रजीत लांब शब्दाचे शेपूट तोडून त्याला ईकारान्त प्रत्यय लावण्याची व त्यायोगे शब्दाला सलगीचा रंग देण्याची रीत जुनी आहे, 'टेलिव्हिजन'चे 'टेली' असेच झाले. संगीतव्यवसायात ह्या शब्दाला आरंभी निव्वळ आर्थिक अर्थ होता. ध्वनिमुद्रिकांचा बाजार ज्या मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती होता, त्यांच्यापैकी कोणाच्याही मालकीची नसलेली संस्था ती 'इंडिपेंडंट'. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' ह्या बँडने जानेवारी १९७७ मध्ये उसने पैसे घेऊन, स्वतःच काढलेल्या 'न्यू हॉर्मोन्स' ह्या नावाखाली चार गीतांची एक मुद्रिका प्रसिद्ध केली. आरंभी एक हजार प्रती काढल्या होत्या. मागणी त्याच्या कितीतरी पट निघाली. मुद्रिका तयार करणे हे काही कारखानदारांचेच काम नव्हे, हे ह्या एका उदाहरणाने सिद्ध झाले. लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ मध्ये उघडलेले 'रफ ट्रेड' हे दुकान अशा मुद्रिकांचे विक्रीकेंद्र झाले आणि पुढे त्यातूनच देशभर माल पोचविणारी स्वतंत्र वितरणव्यवस्था उभी राहिली.

ह्या वितरणव्यवस्थेला संज्ञेच्या इतिहासात विशेष महत्त्व आहे. जानेवारी १९८० मध्ये 'रेकॉर्ड बिझनेस' ह्या व्यावसायिक नियतकालिकाने स्वतंत्र मुद्रिकांची वेगळी विक्रीतालिका छापण्यास सुरुवात केली. तीत कोणाला घ्यावयाचे आणि कोणाला नाही, ह्याची कसोटी एकच होती : मुद्रिकेचे वितरण मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेमार्फत होते किंवा नाही. संगीत कोणत्या प्रकारचे आहे, गिटार आहे की नाही, गायक कोणत्या वर्गाचा, ह्या गोष्टींशी तालिकेला काही कर्तव्य नव्हते. तथापि स्वतंत्र संस्थांकडून येणाऱ्या संगीतात गिटारप्रधान, काहीशा ओबडधोबड, घरगुती वाटणाऱ्या गीतांचा भरणा अधिक असे. १९८६ मध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' ह्या साप्ताहिकाने 'सी एटी-सिक्स' नावाची ध्वनिफीत काढली, त्यानंतर तर 'इंडी' म्हणजे अशा धाटणीचे संगीत, हा अर्थ पक्का होत गेला. साहित्यशास्त्रातील लक्षणेचाच हा प्रकार. माच्यांवर बसलेली माणसे ओरडत असता 'माचे ओरडतात' असे म्हणण्याचे जे उदाहरण शास्त्रकार देतात, त्यात आधाराचे नाव आधेयाला मिळते. येथे विक्रीच्या वाटेचे नाव त्या वाटेने येणाऱ्या संगीताला मिळाले.

नवा अर्थ रुळला तरी जुना अर्थ नाहीसा झाला नाही आणि त्यामुळे काही गमतीचे प्रसंग उद्भवले. १९८८ मध्ये काइली मिनोग ह्या गायिकेचे, कोणत्याही अर्थाने ओबडधोबड नसलेले, नृत्यासाठी घोटून तयार केलेले गीत स्वतंत्र तालिकेत अग्रस्थानी होते. कारण तिची मुद्रिका काढणारी संस्था स्वतंत्र वितरकाकडून माल विकीत असे. उलट ऑगस्ट १९९५ मध्ये 'ब्लर' आणि 'ओएसिस' ह्या दोन बँडांच्या मुद्रिका एकाच दिवशी निघाल्या व त्यांची शर्यत वृत्तपत्रांनी गाजविली, तेव्हा दोहोंनाही सर्रास 'इंडी' परंपरेतील मानले जाई. वस्तुतः 'ब्लर'ची 'फूड' ही संस्था ईएमआयच्या मालकीची होती, आणि 'ओएसिस'च्या 'क्रिएशन'मध्ये १९९२ पासून सोनी कंपनीचा जवळजवळ निम्मा वाटा होता. म्हणजे एका अर्थाने 'इंडी' असलेले दुसऱ्या अर्थाने नव्हते. एकाच शब्दाचे दोन अर्थ काही काळ शेजारी नांदतात आणि बोलणारा सोयीप्रमाणे एकाचे वजन दुसऱ्याला देतो, ही गोष्ट शब्दार्थाच्या इतिहासात नवी नाही. येथे मात्र तिला नैतिक रंगही आहे. 'स्वतंत्र' ह्या शब्दातील प्रतिष्ठा, ती कमावण्याची तोशीस न पडता, निव्वळ शैलीला मिळाली.

'आर्क्टिक मंकीज'च्या बाबतीत हे दोन अर्थ पुन्हा जुळून आले, हे खरे. 'डॉमिनो' ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली होती व मोठ्या कंपन्यांच्या मालकीबाहेर होती. जानेवारी २००४ मध्ये ग्लासगोच्या 'फ्रांझ फर्डिनंड' ह्या बँडची तिची मुद्रिका तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली होती. त्यामुळे २००५ च्या यशाला इंडीचे यश म्हणण्यात शब्दाचा गैरवापर नाही. आता प्रश्न यशाच्या मापाचा.

विक्रीतालिका ही संस्था वाटते तितकी निसर्गसिद्ध नाही. ब्रिटनमधील पहिली तालिका १४ नोव्हेंबर १९५२ रोजी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने छापली. त्या पत्राचे जाहिरातव्यवस्थापक पर्सी डिकिन्स यांनी सुमारे वीस दुकानांना दूरध्वनी करून सर्वाधिक खपलेल्या मुद्रिका विचारल्या आणि उत्तरांची बेरीज करून बारा क्रमांकांची यादी केली. तीत अमेरिकन गायक अल मार्टिनो अग्रस्थानी होता. पुढे इतर पत्रांनीही आपापल्या तालिका सुरू केल्या आणि त्यांचा मेळ बसेना. बीटल्सची १९६३ ची 'प्लीज प्लीज मी' ही मुद्रिका दोन प्रमुख साप्ताहिकांच्या तालिकांत पहिली होती, तर 'रेकॉर्ड रिटेलर'च्या तालिकेत दुसरी. नंतरच्या संदर्भग्रंथांनी ह्या तिसऱ्या तालिकेला प्रमाण मानले. त्यामुळे त्या वेळी देशातील बहुसंख्य श्रोत्यांनी जी पहिली मानली, ती मुद्रिका इतिहासात दुसरी ठरली. १९६९ मध्ये एका संशोधनसंस्थेकडे हे काम सोपविण्यात आले तेव्हा कोठे एकच अधिकृत तालिका अस्तित्वात आली.

त्यानंतरही काय मोजावयाचे हा प्रश्न सुटला नाही. तो प्रत्येक नव्या साधनाबरोबर पुन्हा उभा राहिला. १७ एप्रिल २००५ पासून इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या प्रतींची गणना तालिकेत होऊ लागली. परंतु त्या गीताची प्रत्यक्ष मुद्रिका दुकानात उपलब्ध असली पाहिजे, अशी अट होती. १ जानेवारी २००७ पासून ती अट गेली. जुलै २०१४ पासून विकत न घेता नुसते ऐकलेले गीतही मोजले जाऊ लागले. शंभर वेळा ऐकणे म्हणजे एक विक्री, असे प्रमाण तेव्हा ठरविण्यात आले आणि २०१७ मध्ये ते बदलण्यात आले. शंभर हा आकडा काही निसर्गाने दिलेला नाही. ज्या काळात एक ऐकणे आणि एक विकत घेणे ह्यांत संबंध जोडणे भाग पडले, त्या काळातील व्यवहाराने तो ठरविला.

ह्या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २००५ चा आकडा पाहण्यासारखा आहे. पहिल्या आठवड्यात मुद्रिकेच्या सुमारे ३९ हजार प्रती खपल्या, आणि तेवढ्यावर तिने तीन आठवडे अग्रस्थानी असलेल्या 'शुगाबेब्स'च्या 'पुश द बटन' ह्या गीताला खाली सारले. दहा वर्षांपूर्वीच्या शर्यतीत 'ब्लर'ची मुद्रिका पहिल्या आठवड्यात सुमारे २ लाख ७४ हजार खपली होती आणि हरलेल्या 'ओएसिस'चीही २ लाख १६ हजार. म्हणजे १९९५ चा पराभूत २००५ च्या विजेत्याच्या पाचपटीहूनही अधिक विकला गेला होता. २००५ च्या आरंभी सुट्या मुद्रिकांचा बाजार इतका ओसरला होता, की जानेवारीत अग्रस्थानी आलेल्या एल्व्हिस प्रेस्लीच्या पुनर्मुद्रित गीताला सुमारे वीस हजार प्रती पुरल्या. क्रमांक आणि परिमाण ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला क्रमांक एवढेच सांगतो, की त्या आठवड्यात दुसरे कोणी ह्याहून अधिक खपले नाही. 'आर्क्टिक मंकीज'चे हे गीतही एकच आठवडा अग्रस्थानी राहिले. पुढच्या आठवड्यात तेथे 'वेस्टलाइफ' आले.

मग ह्या यशात विशेष ते काय? विशेष होते ते त्या ३९ हजारांच्या जडणघडणीत. हा बँड २००२ मध्ये शेफील्डच्या उत्तरेकडील हाय ग्रीन ह्या उपनगरात जमला. कार्यक्रमांच्या वेळी श्रोत्यांना वाटण्यासाठी त्यांनी घरच्या घरी तबकड्या भरल्या. संख्या थोडी असल्याने श्रोत्यांनी त्यांच्या नकला करून इंटरनेटवरून एकमेकांना पाठविल्या. 'मायस्पेस' ह्या संकेतस्थळाने त्यांना घडविले, असे पुष्कळदा सांगितले जाते. तेथील पान चाहत्यांनी उघडले होते आणि आपल्याला त्याची माहितीही नव्हती, असे बँडचे म्हणणे होते. काहीही असो, परिणाम असा झाला, की ऑगस्ट २००५ मध्ये रीडिंग व लीड्स येथील महोत्सवांत एका लहान मंचावर ते उभे राहिले तेव्हा प्रचंड गर्दी झाली, आणि अद्याप मुद्रिकारूपाने न निघालेली गीते लोकांना पाठ होती. म्हणजे सामान्यतः मुद्रिका आधी व श्रोते नंतर असा जो क्रम, तो येथे उलटा झाला. २३ जानेवारी २००६ रोजी निघालेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहाच्या पहिल्या आठवड्यातच ३ लाख ६३ हजारांवर प्रती गेल्या. ब्रिटनमध्ये कोणाच्याही पहिल्या संग्रहाची एवढ्या वेगाने विक्री तोपर्यंत झाली नव्हती. लोकप्रियतेचा पुरावा शोधावयाचा तर तो ऑक्टोबरच्या क्रमांकापेक्षा जानेवारीच्या ह्या आकड्यात अधिक सापडतो.

आता बोलीचा प्रश्न. इंग्लंडमधील गायक गाताना आपल्या नेहमीच्या उच्चारांत गात नाहीत, हे श्रोत्यांना पूर्वीपासून जाणवत होते; त्याची शास्त्रशुद्ध मांडणी पीटर ट्रडगिल यांनी १९८३ मध्ये केली. १९५० नंतरच्या ब्रिटिश लोकप्रिय गायकांच्या उच्चारांत त्यांना काही ठरावीक लकबी आढळल्या : दोन स्वरांमधील 'ट'चा 'ड'सारखा उच्चार, 'लाइफ'मधील संयुक्त स्वराचा लांबट 'आ', आणि 'गर्ल', 'मोअर' अशा शब्दांतील 'र' स्पष्टपणे उच्चारणे. मराठी लेखनात आपण 'गर्ल' रफार देऊन लिहितो, म्हणून तो 'र' इंग्लंडभर उच्चारला जात असावा असे वाटते. पण तेथील बहुतेक भागांत तो लुप्त आहे. गायक तो उच्चारत, कारण त्यांच्या मनापुढे अमेरिकन गायकाचा नमुना होता. ज्या क्षेत्रात अमेरिकेचे वर्चस्व, त्या क्षेत्रात अमेरिकनासारखे बोलणे ओघानेच आले. गंमत अशी, की अनुकरण सदोष होते. मुळात जेथे 'र' नाही अशा शब्दांतही काही गायकांनी तो घुसडला. अतिशुद्धीचा हा दोष प्रमाणभाषा शिकू पाहणाऱ्या कोणत्याही समाजात आढळतो. बीटल्सच्या सुरुवातीच्या संग्रहांपासून अखेरच्या संग्रहांपर्यंत ह्या 'र'चे प्रमाण उतरत गेल्याचे ट्रडगिल यांनी दाखविले. १९७६-७७ च्या पंक चळवळीतील गायकांनी तर लंडनच्या श्रमिकवर्गाच्या उच्चारांचा मुद्दाम अंगीकार केला. पण त्यांच्या गाण्यातही अमेरिकन लकबी पुरत्या गेल्या नव्हत्या. दोन निष्ठांची ओढाताण एकाच गळ्यात चालू होती.

टर्नरचे गायन ह्या इतिहासातील पुढचा टप्पा आहे. शेफील्ड विद्यापीठातील जोन बील यांनी २००९ मध्ये ह्याच बँडच्या भाषेवर स्वतंत्र निबंध लिहिला. अमेरिकन उच्चार ही लोकप्रिय गायनाची इतकी रूढ रीत झाली होती, की आता ती पाळणे म्हणजे मुख्य प्रवाहातील व्यापारी संगीताशी नाते सांगणे ठरे; उलट स्थानिक बोलीत गाणे हे अस्सलपणाचे व स्वतंत्रपणाचे द्योतक झाले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पूर्वी ज्या उच्चाराने 'हा मनुष्य शेफील्डचा' एवढेच कळे, त्याच उच्चाराने आता 'हा मनुष्य कोणाचा मिंधा नाही' असेही सूचित होऊ लागले. इंडी ह्या शब्दाला जे शैलीतून मिळाले होते, ते येथे ध्वनीतून मिळू लागले.

ह्या प्रतिपादनाचा आधार तपासताना काही सावधगिरी हवी. प्रस्तुत गीताच्या नावातच आलेला 'डान्स' हा शब्द अभ्यासकाला फसविणारा आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये त्यातील स्वर दीर्घ व मागचा. उत्तरेत तो ऱ्हस्व व पुढचा. परंतु अमेरिकेतही तो पुढचाच असतो. त्यामुळे शेफील्डचा गायक तो शब्द पुढच्या स्वराने उच्चारतो, एवढ्यावरून तो बोलीला धरून आहे की अमेरिकन वळणाला, हे ठरविता येत नाही. तसेच शब्दान्ती 'ट'च्या जागी काकल्य स्पर्श येणे हे आज ब्रिटनमधील बहुतेक शहरांत ऐकू येते. ती शेफील्डची खूण नव्हे. खऱ्या निर्णायक खुणा अन्यत्र आहेत. 'लव्ह', 'कम' ह्यांतील स्वर उत्तरेकडे 'पुट'मधील स्वरासारखा, मराठी कानाला 'उ' वाटावा असा असतो. आणि 'व्हेरी'सारख्या शब्दांच्या अंती इतरत्र येणारा ताठ 'ई' शेफील्डमध्ये सैल पडून 'ए'कडे झुकतो.

शब्दसंग्रहातील पुरावा त्याहून स्पष्ट आहे. त्यांच्या पहिल्या संग्रहातील एका गीताच्या नावातच 'मार्डी' हा शब्द आहे. उत्तर व मध्य इंग्लंडच्या बोलींत त्याचा अर्थ रुसका, कुरकुऱ्या. 'व्हेन द सन गोज डाउन' ह्या गीतात 'समथिंग'च्या जागी 'समट' हा शब्द येतो. बोली म्हणजे प्रमाणभाषेचा अपभ्रंश, असे मानणाऱ्यांना 'समट' हे 'समथिंग'चे बिघडलेले रूप वाटेल. तसे ते नाही. त्याचा उगम 'समव्हॉट' ह्या जुन्या शब्दात आहे. ह्या शब्दाचा 'काहीतरी' असा सर्वनामाचा अर्थ पूर्वी लिखित इंग्रजीतही चालत असे. प्रमाणभाषेने तो टाकून देऊन शब्दाला 'थोडेसे' ह्या क्रियाविशेषणाच्या अर्थापुरते ठेवले. बोलीने जुना अर्थ जपला. ऑक्टोबर २००५ च्या यशामागोमाग जानेवारी २००६ मध्ये हे गीत स्वतंत्र मुद्रिकारूपाने निघाले, तेव्हा तेही पहिल्या क्रमांकावर गेले, आणि यॉर्कशरमधील शाळांत ज्या शब्दाबद्दल मुलांना टोकले जाण्याचा संभव, तो देशभर गुणगुणला गेला. संग्रहाचे नावही ॲलन सिलिटो यांच्या १९५८ च्या कादंबरीतून घेतलेले होते. नॉटिंगहॅमच्या कामगाराचे बोलणे त्या कादंबरीने इंग्रजी साहित्यात आणले. हा संदर्भ योगायोगाचा खास नव्हे.

तरीही बोलीमुळे यश मिळाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. शेफील्डबाहेरच्या लाखो श्रोत्यांना ती बोली आपली म्हणून प्रिय नव्हती. 'आपली नसली तरी कोणाची तरी खरी' म्हणून ती त्यांना भावली असावी. कार्यकारणाची दिशा उलट असण्याचाही संभव आहे. मुद्रिकेपूर्वीच गावोगावचा श्रोतृवर्ग हाताशी असल्यामुळे उच्चार घासूनपुसून घेण्याची गरज गायकाला भासली नाही. ज्याला अनोळखी बाजारात उभे राहावयाचे असते, तो आधी भाषा बदलतो. ज्याचा बाजार ओळखीच्या माणसांचा, त्याला ते कारण पडत नाही.

पुढील इतिहास ह्या शंकेला बळ देतो. २७ जुलै २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनसोहळ्यात ह्या बँडने जगभरच्या प्रेक्षकांसमोर हेच गीत सादर केले. २०१३ चा 'एएम' हा संग्रह लॉस एंजेलिस येथे ध्वनिमुद्रित झाला व तोही ब्रिटनच्या संग्रहतालिकेत अग्रस्थानी गेला. त्यातील 'डू आय वॉना नो?' हे गीत सुट्या गीतांच्या तालिकेत अकराव्या क्रमांकापुढे सरकले नाही, पण आज ते त्यांच्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या गीतांपैकी आहे. २०१९ मध्ये पॉल फ्लॅनगन यांनी २००६ ते २०१८ ह्या काळातील टर्नरच्या गायनाची तपासणी प्रसिद्ध केली. तीत, आरंभीच्या संग्रहातील बोलीची लक्षणे उत्तरोत्तर कमी होत गेल्याचे त्यांना आढळले. ह्या सर्व काळात बँडच्या मुद्रिका 'डॉमिनो'च काढीत होती, आणि त्यांचा उल्लेखही 'इंडी' बँड म्हणूनच होत होता.